सांडलेल्या चहाचं चीज

लॅपटॉपवर चहा सांडणं ही काही कला नाही. ते कोणालाही जमतं. घरात एक लहान मूल, एक मांजर किंवा हातवारे करून बोलणारा एक पाहुणा असला की भागतं. कला आहे ती त्यापुढची. अर्धा कप चहात पन्नास-साठ हजारांचं यंत्र असं बाद करायचं, की पुन्हा कोणाला ते उठवता येऊ नये. याला शिस्त लागते, आणि बरेच नवशिके नेमके इथे कच खातात. लॅपटॉप चटकन बंद करतात, त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे पळतात आणि किरकोळ पैशांत तो धडधाकट करून घरी आणतात. त्यांच्यासाठी आता काही करता येण्याजोगं नाही. तुमच्यासाठी आहे.

खालच्या पायऱ्या क्रमाने करा. एखादी राहिली तर मन खट्टू करून घेऊ नका. घरातलं कोणीतरी ती तुमच्या वतीने उरकेलच.

१. पेय विचारपूर्वक निवडा

साधं पाणी हा आळशी माणसाचा पर्याय आहे. शुद्ध पाण्यातून वीज जेमतेम वाहते. जे काय बिघडतं ते त्यात विरघळलेल्या क्षारांच्या कृपेने. शिवाय पाणी वाळतं आणि मागे फारसं काही ठेवत नाही. तुमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येत असेल तर थोडी आशा आहे.

आपला दूध-साखरेचा, आलं किसून घातलेला चहा मात्र सर्वगुणसंपन्न. दुधातले क्षार वीज वाहून नेतात. साखर बटणांखाली चिकट थर धरते आणि हवेतला दमटपणा ओढत राहते. प्रथिनं आणि स्निग्धांश बोर्डवर सुकून बसतात, आणि चार दिवसांनी वासालाही येतात. प्रकृतीची काळजी घेणारे लोक बिनसाखरेचा कोरा चहा पितात. त्यांची प्रकृती सुधारते, आणि दुर्दैवाने लॅपटॉपचीही.

हात बसला की पुढच्या इयत्तेत जा. लिंबू सरबतात आम्ल, मीठ आणि साखर एकाच पेल्यात मिळतात. कोला पेयांत फॉस्फरिक आम्ल घातलेलंच असतं, तुम्हाला वेगळं काही घालावं लागत नाही. नारळपाण्यातलं पोटॅशियम डॉक्टर वाखाणतात. ते वीजही छान वाहून नेतं. लग्नाच्या पंगतीत लॅपटॉप उघडणारे कर्तबगार लोक असतात, त्यांनी मठ्ठ्याचा विचार करावा. त्यात मीठ आणि आंबटपणा आहेच, वर कोथिंबिरीची पानं पंख्याच्या पात्यांत जातात. बिअरबद्दल आम्ही मार्गदर्शन करत नाही, कारण बिअर कधी कोणाच्या लॅपटॉपवर सांडतच नाही. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ते नेहमी पाणीच असतं.

२. बशी हद्दपार करा

या विषयातली सगळ्यात जुनी अडचण म्हणजे बशी. सांडलेलं ती स्वतःवर घेते, आणि आजोबांच्या पिढीत तर ते तिथूनच फुर्र करून पिऊनही टाकत. सुदैवाने कंपनीने दिवाळीला दिलेल्या मगाबरोबर बशी येत नाही. हा मग तीनशे मिलिलिटरच्या आसपासचा असतो. टपरीवरचं कटिंग सांडून सांडून किती सांडणार? मगाचं तसं नाही. तो उंच असतो, बुडाशी निमुळता असतो आणि त्यावर कंपनीची मूल्यं छापलेली असतात.

मग ठेवायचा तो उजव्या हाताला, माउसच्या वाटेवर. खाली घडी घातलेलं वर्तमानपत्र असावं, म्हणजे तो नीट टेकणार नाही. चार्जरची वायर त्याच्या कानाजवळून गेलेली असेल तर सोन्याहून पिवळं. खोलीतून जाणारा कोणीतरी वायरीत पाय अडकवेल आणि तुमच्या अंगाला काही लागणार नाही. २०२० साली घराघरांतलं जेवणाचं टेबल ऑफिस झालं, तेव्हापासून या क्षेत्राने मोठीच झेप घेतली आहे. पलंगावर मांडी घालून, उशीवर लॅपटॉप आणि गादीवर मग ठेवून काम करणाऱ्यांना आम्ही काय शिकवणार? त्यांनी थेट तिसऱ्या पायरीवर जावं.

३. पहिली दहा सेकंदं चौकशीत घालवा

सांडला? अभिनंदन.

आता मोठ्याने विचारा, ‘हा कप इथे कोणी ठेवला?’ उत्तर तुम्हाला माहीत आहे, तरी विचारा. घरातले जमतील, प्रत्येक जण आपला जबाब देईल, कोणीतरी ‘मी मघाशीच म्हटलं होतं’ म्हणेल. तोवर चहा कीबोर्डच्या पातळ पापुद्र्यांमधून वाट काढत मदरबोर्डकडे निघालेला असतो. थिंकपॅडसारख्या काही लॅपटॉपांत द्रव खालून निघून जावा म्हणून भोकं ठेवलेली असतात. असले रसभंग करणारे लॅपटॉप मुळात घरात आणू नयेत.

या क्षणी जाणकार माणूस काय करतो ते सांगून ठेवतो, म्हणजे तुमच्या हातून चुकून तसं व्हायला नको. तो आधी चार्जर काढतो. पॉवरचं बटण दाबून धरतो आणि लॅपटॉप पुरता बंद पाडतो. मग तो उघडाच ठेवून टेबलाच्या कडेवर उपडा घालतो. पडदा कडेबाहेर लोंबतो, कीबोर्ड तोंड खाली करून राहतो आणि चहा आल्या वाटेने परत जातो. बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढतो. हे सगळं तो एक शब्द न बोलता करतो. अशा माणसाला चहाला बोलावू नका.

तुम्ही आधी फाइल सेव्ह करा. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल हीच’ यांपैकी कोणती उघडी आहे ते शांतपणे बघा आणि खात्रीसाठी दोन-तीनदा सेव्ह करा. वर चहाचं तळं साचलेलं असताना प्रत्येक बटण हापशाचं काम करतं, फक्त उलट्या दिशेने. मीटिंग चालू असेल तर मध्येच उठणं बरं दिसत नाही. सगळ्यांना ‘बाय’ म्हणून होईपर्यंत बसा, आणि सगळ्यांना बाय म्हणायला किती वेळ लागतो ते तुम्ही जाणताच.

४. पुसा, चांगलं रगडून पुसा

ओट्यावरचं फडकं घ्या. त्याला आधीच थोडं तेल आणि हळद असते. वरून दाब देऊन गोल गोल फिरवा, म्हणजे वर राहिलेलं खाली जाईल. मग लॅपटॉप उचलून चारी दिशांना कलता करा. जो चहा बिचारा नुसता कीबोर्डखाली बसला होता, त्याला स्क्रीनच्या कडा, स्पीकर आणि चार्जिंगचा पोर्ट बघायला मिळेल. शेवटी चमच्याचं टोक घालून बटणं उचका. प्रत्येक बटणाखाली कात्रीसारखी दुमडणारी प्लॅस्टिकची इवलीशी पट्टी असते. ती एकदा मोडली की ते बटण पुन्हा जागेवर बसत नाही. ‘ए’पासून सुरुवात करा. त्याच्यावाचून काही लिहिता येत नाही.

५. चालू होतोय का बघा

सगळ्या विद्येचं सार या पायरीत आहे. बाकी सगळं विसरलात आणि एवढं लक्षात ठेवलंत तरी यश ठरलेलं.

चहा सांडून बंद झालेला लॅपटॉप हा बहुतेक वेळा मेलेला नसतो, हे कटू सत्य पचवा. नुसता ओला बोर्ड, ज्यात वीज नाही, तो स्वच्छ करून वाळवला तर बरेचदा उठून बसतो. म्हणून त्यात वीज हवी. खारट ओलावा आणि वीज एकत्र आली की तांबं विरघळतं, एका टोकाकडून दुसरीकडे सरकतं, आणि थोड्याच वेळात बोर्डवर ती सुंदर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पुटं चढू लागतात. शाळेत मोरचुदाच्या द्रावणात दोन तारा बुडवून हाच प्रयोग केला होता. तेव्हा मार्क मिळाले होते, आता बिल मिळेल.

तेव्हा दर दहा मिनिटांनी पॉवरचं बटण दाबा. दिवा लागला आणि विझला? फार छान, पुन्हा दाबा. चार्जर लावून बघा. चार्जरमधून साधारण १९-२० व्होल्ट येतात, आणि प्रोसेसरला लागतो जेमतेम एक व्होल्ट. मधल्या सगळ्या भागांचं काम इतकंच, की त्या विसाची गाठ त्या एकाशी पडू नये. चहा मात्र या दोघांना एकमेकांशेजारी नेऊन बसवतो. स्क्रीनच्या जोडणीपाशी तर आणखी बहार. तिथे उजेडासाठीचा बराच जास्त व्होल्टेज आणि चित्राच्या नाजूक तारा अगदी खेटून असतात. एक ओला थेंब आणि एक उत्साही बोट, एवढ्या भांडवलावर काम होतं.

‘पण मी तर हातच लावला नाही, बंद करून ठेवून दिला’ असं म्हणणाऱ्यांनीही निराश होऊ नये. आताच्या लॅपटॉपांत बॅटरी आत जोडलेलीच असते. तुम्ही बटण कधी दाबता हे ऐकायला बोर्डचा काही भाग बंद असतानाही जागा असतो. बॅटरी काढली नाही, तर तुम्ही झोपलात तरी तांब्याचं काम रात्रभर चालू राहतं.

आता एक मोठं संकट. कधी कधी लॅपटॉप चालू होतो. सगळं दिसतं, गाणी वाजतात, घरात ‘काही नाही झालं हो’ अशी आनंदाची लाट येते. नवशिके इथे खचतात आणि आपण हरलो असं समजतात. उलट, सगळ्यात पक्का विजय हाच. आतला चहा वाळला म्हणजे फक्त त्यातलं पाणी गेलं. साखर, क्षार, दूध सगळं जागच्या जागी आहे. तुम्ही निर्धास्त होऊन रोज वापरा. आधी ‘आर’ दोनदा उमटेल. मग आवाज कमी करायचं बटण स्वतःच दाबलं जाईल. मग पावसाळी हवेच्या एखाद्या सकाळी, आयकर विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी, काहीच होणार नाही.

६. सल्लागार मंडळ नेमा

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळवा. पाणी येणार नाही या निरोपाला जिथे दोन उत्तरं येतात, तिथे तुम्हाला सतरा येतील.

पहिलं उत्तर तांदळाचं. ते जगभर पहिलंच असतं. ‘ॲपल’ने २०२४ च्या सुरुवातीला आपल्या ग्राहकांना लेखी सांगितलं, की ओला आयफोन तांदळाच्या पिशवीत घालू नका, तांदळाचे कण आत जाऊन नुकसान करू शकतात. पण ॲपलवाल्यांना इंद्रायणी काय माहीत? डबा भरून घ्या, लॅपटॉप पुरा. तांदळाला बोर्डावरची साखर काढता येत नाही, क्षार काढता येत नाहीत, आणि ओलावाही उघड्या हवेपेक्षा काही जास्त ओढता येत नाही. तरी त्याच्यामुळे तीन दिवस काहीतरी उपचार चालू असल्याचं समाधान मिळतं, आणि गंज चढायला तेवढे तीन दिवस पुरतात. पोर्टमध्ये पीठ आणि तुसं जातात ती वेगळीच. आंबेमोहोर वापरू नये; महाग आहे.

दुसरं उत्तर हेअर ड्रायरचं. सगळ्यात गरम झोत, अगदी जवळून. बटणं किंचित वाकतात आणि कडेचा चहा वाऱ्याने आत ढकलला जातो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गच्चीत ऊन दाखवायला सांगतील. एप्रिल असेल तर कुरडयांशेजारी जागा मिळेल. उन्हात तापलेली लिथियम बॅटरी फुगते, क्वचित पेटही घेते. म्हणून राखणीला कुरडयांवर बसवलेलाच मुलगा ठेवा, त्याला दोन्हीकडे लक्ष देता येईल.

एक रिटायर्ड इंजिनियर काका ग्रुपवर लिहितील, ‘बॅटरी डिस्कनेक्ट करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून घ्या.’ त्यांना नमस्काराचे दोन हात पाठवा आणि पुढच्या उत्तराकडे वळा.

७. दुरुस्तीला न्या, पण नंतर

आठवडाभर थांबा. रविवार मध्ये येऊ द्या. मग कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा, टोकन घ्या आणि काउंटरवर निर्विकार चेहऱ्याने सांगा, ‘आपोआप बंद पडला.’

समोरचा मुलगा मान हलवेल. तो हे रोज ऐकतो. तो मागचं झाकण उघडेल आणि काउंटरभर वेलचीचा वास सुटेल. बऱ्याच लॅपटॉपांत आत पांढरे ठिपके चिकटवलेले असतात, ओल लागली की ते लाल होतात. ते तुम्हाला दाखवून तो विचारेल, ‘काही सांडलं होतं का सर?’ इथे डगमगू नका. ‘हवेत फार दमटपणा आहे हो हल्ली’ असं म्हणा. तो अतिशय सभ्यपणे सांगेल, की द्रव सांडल्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही, मदरबोर्ड बदलावा लागेल, आणि आकडा सांगेल. तो आकडा ऐकून नवा लॅपटॉपच स्वस्त वाटू लागतो. अपघाती नुकसानीचं वेगळं संरक्षण लॅपटॉप घेताना मिळत होतं. ते तुम्ही तेव्हा हसून नाकारलंत, आणि त्या पैशांतून बॅग घेतलीत. बॅग अजून छान आहे.

या टप्प्यावर एक धोका सांभाळा. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनपासून जवळ लॅमिंग्टन रोड आहे, पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्ली आहे. अशा भागांत ‘चिप लेव्हल’ अशी पाटी लावून जिन्याखाली बसणारी माणसं भेटतात. त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक असतो, गरम हवेची बंदूक असते, आणि कधी कधी बोर्ड बुडवून ध्वनिलहरींनी साफ करायची टाकीही असते. ती पूर्ण मदरबोर्ड बदलत नाहीत. ब्रश आणि अल्कोहोलने चहा धुऊन काढतात, मीटर लावून शॉर्ट शोधतात, तिळाएवढा एक तुकडा काढून दुसरा चिकटवतात आणि लॅपटॉप चालू करून हातात देतात. असा माणूस पहिल्या दिवशी भेटला तर तुमची सगळी मेहनत पाण्यात. म्हणून त्याच्याकडे सगळ्यांत शेवटी जा. आधी भाच्याच्या मित्राकडून उघडून घ्या, दोन स्क्रू हरवू द्या. मग तो विचारेल, ‘आधी कुठे उघडला होता का?’ तुम्ही ‘नाही’ म्हणा. तो सूक्ष्मदर्शकातून डोकं वर न काढता नुसता ‘हं’ म्हणेल.

८. बॅकअप त्याच लॅपटॉपवर ठेवा

जुन्या जाडजूड लॅपटॉपांत डिस्क वेगळी निघायची. लॅपटॉप गेला तरी ती दुसरीकडे लावली की फोटो परत. हा दोष आता बऱ्याच पातळ लॅपटॉपांतून दूर झालाय. साठवणच मदरबोर्डवर डाग देऊन पक्की बसवलेली असते. बोर्ड गेला की मुंजीचे फोटो, प्रबंधाची चार प्रकरणं आणि सोसायटीचे हिशेब असे सगळे हातात हात घालून जातात. घेताना शक्य तितका पातळ घ्या. बॅकअप घ्यायचाच असेल तर ‘सी’ ड्राइव्हवरचं ‘डी’ ड्राइव्हवर ठेवा. बहुतेक जण असंच करतात, त्यामुळे तुम्ही चांगल्या संगतीत आहात.

९. लॅपटॉप संस्थेचा असेल तर

खासगी कंपनीचा असेल तर फार काही करायचं नाही. आयटी विभागाला तिकीट टाका, ‘काम करताना बंद पडला’ एवढंच लिहा, पगारातून कापतील का ते सहकाऱ्यांना हळूच विचारत राहा.

पण लॅपटॉप सरकारी कार्यालयाचा किंवा अनुदानित महाविद्यालयाचा असेल, तर तुम्ही भाग्यवान आहात. तिथे मेलेल्या वस्तूलाही पुढे मोठं आयुष्य असतं. खरेदी झाली त्या दिवशी त्याची डेडस्टॉक रजिस्टरात नोंद झालेली आहे. आता तो चालो न चालो, नोंद आहे म्हणजे लॅपटॉप आहे. आधी अर्ज करा. ‘सदर लॅपटॉप कार्यालयीन कामकाज सुरू असताना अचानक बंद पडला असून त्यामध्ये द्रवपदार्थाचा अंश आढळून आला आहे. सदर द्रवपदार्थ कोठून आला याबाबत निश्चित सांगता येत नाही.’ यावर टिपणी होईल, टिपणीवर शेरा येईल, तीन दरपत्रकं मागवली जातील. दरपत्रकं येतील तोवर त्या मॉडेलचे भाग बाजारात मिळेनासे झालेले असतील. मग तो नादुरुस्त म्हणून कपाटात, आणि कपाटाची किल्ली बदली होऊन गेलेल्या बाईंकडे.

दरवर्षी साठा पडताळणी होईल. दरवर्षी कपाट उघडून तो मोजला जाईल, टेबलावर ठेवला जाईल, परत आत जाईल. निर्लेखन समिती नेमली जाईपर्यंत त्याला कोणी हात लावू शकत नाही, आणि तुम्हालाही सोडवत नाही. सेवानिवृत्तीच्या वेळी ना-देय प्रमाणपत्र हवं असेल तर तो लॅपटॉप, त्याचा चार्जर आणि त्याची बॅग दाखवावी लागेल. चार्जर जपून ठेवा. तो चालू आहे, त्यामुळे पळवला जाण्याची भीती त्यालाच जास्त.

शंकानिरसन

प्रश्न: सिलिकॉनचं कीबोर्ड कव्हर घ्यावं का?
उत्तर: घ्यावं, पण चहा सांडल्यानंतर. आतला ओलावा टिकून राहतो.

प्रश्न: चहा फक्त बंद झाकणावर सांडला. काय करू?
उत्तर: पुसा. आणि पुढच्या वेळी मन लावून काम करा.

प्रश्न: मी चुकून लगेच बंद केला, उपडा ठेवला, त्याच संध्याकाळी साफ करून घेतला. आता तो उत्तम चालतोय. काही इलाज?
उत्तर: आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत. अजून कंपनीचा मग आहेच.

प्रश्न: लॅपटॉप गेला. त्या तांदळाचं काय करावं? सासूबाई विचारताहेत.
उत्तर: नीट निवडून घ्या आणि भात लावा. निवडताना ‘ए’ सापडला तर वेगळा काढून ठेवा.